कळप मेंढपाळाचा नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या वागण्याविषयी काही छापून आले, की त्यावरच्या प्रतिक्रियांत ‘मेंढपाळ’ आणि ‘मेंढरे’ हे शब्द हमखास येतात आणि दोन्ही बाजूंनी चुकीचे वापरले जातात. टीकाकार म्हणतो, हे लोक मेंढरेच, खाली मान घालून चालणारे. समर्थक म्हणतो, मेंढपाळाला मेंढरांनी जाब विचारायचा नसतो. मेंढपाळ म्हणजे हाकणारा, हे गृहीत मात्र दोघांचेही सारखेच. बायबलमध्ये पुढाऱ्यांना मेंढपाळ म्हटले आहे ते बहुतेक ठिकाणी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी. ही प्रतिमा हिशेबाची आहे. कळप दुसऱ्याचा, राखणारा वेगळा, आणि संध्याकाळी मोजून परत द्यायचा. एवढे एक सूत्र हाती धरले तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी मेंढरांबद्दल. मेंढी मठ्ठ असते हा समज खरा नाही. इंग्लंडमधल्या बाब्रॅहम इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की मेंढी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवते. ती कळप धरून राहते ती एकटी पडली तर लांडग्याच्या तोंडी जाईल म्हणून. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १०व्या अध्यायात तर तिला निवड करण्याचा हक्कच दिला आहे. ओळखीच्या आवाजामागे ती जाते. परक्याचा आवाज आला तर थांबत नाही, पळते. मेंढरांनी पळून जाणे हा तिथे दोष धरलेला नाही. ‘पाळकाविरुद्ध बोलू नका’ (पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, मंडळी म्हणजे चर्चमधल्या भाविकांचा समुदाय) असे सांगताना हाच अध्याय पुढे करणाऱ्यांनी त्याचे पाचवे वचन पुन्हा एकदा वाचावे.

आता हिशेबाकडे येऊ. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात याकोब आपल्या मामाला, लाबानाला, २० वर्षांच्या चाकरीचा हिशेब ऐकवतो. तुझ्या मेंढ्या-शेळ्यांचे गर्भ पडले नाहीत, तुझ्या कळपातले एडके मी खाल्ले नाहीत, जनावराने फाडलेले तुझ्याकडे आणले नाही, ते नुकसान मीच सोसले, दिवसा उन्हाने आणि रात्री गारठ्याने मी झिजलो, डोळ्याला डोळा लागला नाही. यात ‘सोसले’ हा शब्द कायद्याच्या अंगाने महत्त्वाचा. निर्गमाच्या २२व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे राखायला दिलेले जनावर हिंस्र श्वापदाने फाडले, तर राखणाऱ्याने उरलेला तुकडा पुरावा म्हणून आणून दाखवायचा. मग भरपाई माफ; याकोबाने ती सवलतही घेतली नाही. सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ दोन पाय किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, असे आमोस हा संदेष्टा लिहितो. वाचणाऱ्याला ते शौर्याचे वर्णन वाटते. तो कानाचा तुकडा म्हणजे पावती आहे. मेंढरू मेलेले असते; मेंढपाळ पुरावा घेऊन मालकाकडे निघालेला असतो.

त्या सगळ्या प्रदेशात हीच रीत होती. इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमाराचा बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला मेंढपाळ म्हणवतो, आणि त्याच कायद्यात खऱ्या मेंढपाळांसाठी नियम घालून देतो. कळप घटला किंवा वीण कमी झाली तर करारात ठरल्याप्रमाणे भरून द्यायचे. खुणेचा डाग बदलून जनावर विकले तर दसपट दंड. सिंहाने मारले किंवा दैवी कोप झाला तर शपथेवर सांगायचे आणि नुकसान मालकाचे. हलगर्जीने रोग पसरला तर नुकसान मेंढपाळाचे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, तर याहून बारीक नियम सापडतो: एक लांडगा आला तर ते ‘टाळता न येणारे संकट’ धरायचे नाही, दोन आले तर धरायचे. सिंह, अस्वल, बिबट्या आला तर सुटका आहे, पण श्वापद आपण होऊन आले असेल तरच. श्वापदांच्या जागी कळप मेंढपाळानेच नेला असेल, तर सबब चालत नाही.

हे डोक्यात ठेवून योहान १० पुन्हा वाचावा. लांडगा येताना पाहून मोलकरी पळतो, असे येशू म्हणतो. तिथे लांडगा एकवचनी आहे. मिश्नेच्या मापाने पाहिले, तर ज्या संकटाला तोंड देणे मजुरी घेणाऱ्यावर बंधनकारक होते, त्यालाच पाठ दाखवून तो पळाला आहे. भित्रेपणाबरोबर हा करारभंगही आहे. (मिश्नेचे संकलन शुभवर्तमानानंतरचे असले, तरी त्यातले व्यवहार जुने, म्हणून ही तुलना अनाठायी नाही.)

इथे एक गाठ पडते आणि प्रवचनांत ती सहसा सोडवली जात नाही. मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. मग पाळकाने मेंढरे ‘आपली’ समजायची की नाही? उत्तर योहानाच्या २१व्या अध्यायात आहे. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि तीनदा काम सोपवतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ, माझी मेंढरे चार. तिन्ही वेळा ‘माझी’. मालकी हस्तांतरित झालेलीच नाही. कायद्याच्या भाषेत पेत्र आणि त्याच्यानंतरचा प्रत्येक बिशप, पाळक, मंडळीचा वडील (म्हणजे नेमलेला पुढारी) हा दुसऱ्याचा कळप राखणारा आहे, म्हणजे जागा मोलकऱ्याची. आणि त्याच्याकडून अपेक्षा आहे ती मालकाच्या काळजाची. ही ओढाताण हेच या कामाचे स्वरूप. ‘माझी मंडळी’, ‘माझे लोक’, ‘माझ्या माणसांना दुसऱ्या चर्चने पळवले’ ही भाषा सुरू झाली, की मालकी सरकली असे खुशाल समजावे.

या सगळ्याचा गाभा यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात आहे. तो लिहिला गेला बाबिलोनच्या बंदिवासात, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, यरुशलेम पडल्याच्या काळात. त्यातले मेंढपाळ म्हणजे मुळात राजे आणि सत्ताधारी. पुढे ख्रिस्ती परंपरेने हा अध्याय धर्मगुरूंना लावला. प्राचीन काळच्या ऑगस्टीन या बिशपने त्यावर एक दीर्घ प्रवचनच दिले आहे. आरोपपत्राचा पहिला भाग असा: तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पोसलेले कापता, पण कळप चारत नाही. ‘चरबी’ आणि ‘दूध’ या हिब्रू शब्दांची व्यंजने एकच असल्याने ग्रीक भाषांतरात तिथे ‘दूध’ आले. ऑगस्टीनने त्याचा छान उपयोग केला: दूध म्हणजे लोकांनी दिलेला चरितार्थ, लोकर म्हणजे लोकांनी दिलेला मान. दोन्ही घेण्यात गैर काही नाही. काम न करता घेण्यात आहे.

दुसरा भाग म्हणजे न केलेल्या पाच कामांची यादी. दुर्बळाला बळ दिले नाही, आजाऱ्याला बरे केले नाही, मोडलेल्याला बांधले नाही, हाकलून दिलेल्याला परत आणले नाही, हरवलेल्याला शोधले नाही. पाचही गोष्टी शारीरिक आणि तपासता येण्याजोग्या आहेत. ‘कळपाला दृष्टी दिली नाही’ किंवा ‘प्रेरणा दिली नाही’ असा आरोप यात कुठेच नाही.

दुर्बळाला बळ देणे म्हणजे काय हे नवजात कोकरावरून कळते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याला चीक मिळालाच पाहिजे. ४ किलोच्या कोकराला पहिल्या पाजणीत सुमारे २०० मिली, म्हणजे वजनाच्या किलोमागे ५० मिली. रोगप्रतिकाराची द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटत जाते आणि दिवसभरात जवळपास संपते; उद्या दुप्पट पाजून ती भरून निघत नाही. मंडळीत नव्याने आलेला माणूस, नुकतीच विधवा झालेली बाई, तुरुंगातून सुटून आलेला मुलगा यांना पहिल्या आठवड्यात कोणी भेटले नाही, तर सहा महिन्यांनी भरवलेल्या शिबिराने ते भरून निघत नाही. आणि उलटही खरे. मेंढीला एकदम भरपूर धान्य घातले तर आंत्रविषार (आतड्यातून होणारी विषबाधा) होतो, आणि आधी मरतात ती कळपातली सर्वांत धष्टपुष्ट, वेगाने वाढणारी कोकरे. म्हणून खुराक बदलायचा तर १० ते १४ दिवस घेऊन थोडाथोडा बदलतात. उत्साही तरुणाला दोन महिन्यांत व्यासपीठावर उभे करून वर्षभरात त्याला गमावणारे नेतृत्व हीच चूक करत असते. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

आजाऱ्याला बरे करणे म्हटले की मला खूर आठवतो. ओल्या जमिनीत खुराची वाढलेली कड आत वळते, तिच्याखाली चिखल साचतो, सड सुरू होते, मेंढी लंगडते आणि गुडघे टेकून चरू लागते. उपाय म्हणजे लंगडणारी मेंढी वेगळी काढणे, औषध देणे, १० टक्के झिंक सल्फेटच्या द्रावणातून चालवणे आणि कोरड्या जागी उभी करणे. पूर्वी खूर सपाटून छाटत. आता लक्षात आले आहे की रक्त येईपर्यंत छाटलेला खूर उलट उशिरा बरा होतो. मंडळीच्या शिस्तीबाबत हेच घडते. चुकलेल्याला भरसभेत उभे करून सोलून काढले म्हणजे शिस्त राखली असे वाटते. प्रत्यक्षात तो आणखी वर्षभर लंगडतो. शिवाय लंगडी मेंढी ओळखायची तर कळप चालताना पाहावा लागतो. बसलेल्या कळपात सगळ्याच धडधाकट दिसतात. रविवारच्या उपासनेत बाकांवर बसलेली मंडळी पाहून जो ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो, त्याने बसलेला कळप पाहिलेला असतो.

चौथे काम नीट वाचावे. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘भरकटलेले’ एवढाच नाही, ‘हाकलले गेलेले’ असा आहे. कोणीतरी हाकलले आहे. मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल ‘विश्वासात थंड पडला’ म्हणण्यापूर्वी त्याला कोणी, कोणत्या बैठकीत, काय बोलून बाहेर काढले हे शोधणे याच कामात येते.

पाचवे काम शोधण्याचे. ९९ मेंढरे सोडून हरवलेल्या १ला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाचा येशूचा दाखला सर्वांना पाठ असतो. पण शंभरातले एक नाही हे कळायचे तर संध्याकाळी मोजणी हवी. बायबलच्या लेवीय या पुस्तकात काठीखालून जाणाऱ्या जनावरांचा उल्लेख आहे, यिर्मयात मोजणाऱ्याच्या हाताखालून जाणाऱ्या मेंढरांचा. वाड्याच्या अरुंद तोंडाशी काठी आडवी धरायची, एकेक मेंढरू तिच्याखालून सोडायचे, जाता जाता पाठीवरून हात फिरवायचा. गोचीड, काटा, जखम हाताला लागते. मोजणी आणि तपासणी एकाच हालचालीत होते. मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे, वर्गणीची पावती आहे, पण सलग तीन रविवार न आलेल्या माणसाच्या दारात कोणी गेलेले नाही, असे असेल तर मोजणी पैशांची झाली, मेंढरांची नाही. हाच दाखला मत्तयाच्या १८व्या अध्यायात शिष्यांना, म्हणजे होऊ घातलेल्या पुढाऱ्यांना सांगितला आहे आणि लूकच्या १५व्यात कुरकुरणाऱ्या परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथीयांना. लूकमध्ये मेंढरू हरवते, मत्तयात भरकटते. प्रवचनकार दोन्हींची खिचडी करतात, त्यामुळे मत्तयातला रोख बोथट होतो: लहानांपैकी एकही नाश पावू नये ही जबाबदारी तिथे पुढाऱ्यांवर टाकली आहे.

एका माणसाला किती मेंढरे नावानिशी सांभाळता येतील, हा प्रश्न जुनाच आहे. निर्गमाच्या १८व्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने निवाडे करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो सांगतो, की तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमून टाक. तीही देवभीरू आणि लाचेचा तिटकारा असलेली. मोठ्या मंडळीत हे केले नाही तर पाळक नावे विसरतो. हे केले पण दहांवरच्या माणसाला काहीच अधिकार दिला नाही, तर तो नुसता हजेरी घेणारा होऊन बसतो.

यहेज्केल मेंढपाळांवरच थांबत नाही. त्याच अध्यायात पुढे लठ्ठ मेंढरे येतात. ती चांगले कुरण स्वतः चरतात आणि उरलेले तुडवतात, स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात, अशक्तांना कुशीने, खांद्याने ढकलतात, शिंगांनी मारतात. मंडळीतले जुने, पैसेवाले, प्रत्येक समितीवर बसलेले घराणे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही. मेंढपाळाचा कस लांडग्यापेक्षा इथे जास्त लागतो. लांडग्याला मारले तर टाळ्या मिळतात. लठ्ठ मेंढराला बाजूला सारले तर दान बंद होते.

आता पुढे चालायचे की मागे, याविषयी. पॅलेस्टाइनकडचा मेंढपाळ हाक मारत पुढे चालतो आणि मेंढरे मागे येतात, हे ठाऊक असते. योहान १०:४ मधली त्याआधीची क्रिया मात्र दुर्लक्षित राहते. मूळ ग्रीक क्रियापद ‘बाहेर घालवणे’, जवळजवळ ‘ढकलणे’ असे आहे. भुते काढण्यासाठीही तेच वापरले जाते. वाड्यात ऊब असते, सोबत असते. पण चारा नसतो. मेंढपाळ आधी सगळ्यांना बाहेर ढकलतो, शेवटचे मेंढरू निघाले की मगच पुढे जातो. ज्या नेतृत्वाला लोक सतत वाड्यातच हवे असतात, म्हणजे रोज संध्याकाळी सभा, दर शनिवारी उपास-प्रार्थना आणि घर, नोकरी, शेजार यांसाठी वेळच नाही, त्याने वाडा म्हणजेच कुरण समजून घेतले आहे. दहाव्याच अध्यायातल्या सोळाव्या वचनातही असाच घोटाळा झाला. ग्रीकमध्ये ‘वाडा’ आणि ‘कळप’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे ‘वाडा’च आला, आणि ‘एक कळप, एक मेंढपाळ’चा ‘एक वाडा, एक मेंढपाळ’ झाला. त्या एका शब्दावर पुढे बरेच वाद रंगले.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पुढाऱ्यांसाठी तीन जोड्या आहेत: भाग पडते म्हणून नव्हे तर संतोषाने, द्रव्यलोभाने नव्हे तर उत्सुकतेने, धनीपण करून नव्हे तर कित्ता होऊन. मराठी बायबलमधला ‘कित्ता’ हा शब्द फार नेमका बसला आहे. कित्ता गिरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राहतो, त्याचा हात धरून ओढत नाही. पौलाने मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा निरोप घेताना सांगितले, की बाहेरून क्रूर लांडगे येतील आणि तुमच्यातूनही काही जण उठून शिष्यांना आपल्यामागे ओढतील. त्याच भाषणात तो आपले हात दाखवतो: कोणाच्या रुप्याचा, सोन्याचा, वस्त्राचा लोभ धरला नाही, माझ्या आणि सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या.

जाता जाता चित्रांविषयी. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातले जे घर-चर्च सापडले, त्यात बाप्तिस्म्याच्या कुंडावर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ रंगवला आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींतही तोच आखूड अंगरख्यातला कष्टकरी आहे. पाचव्या शतकात इटलीत राव्हेन्नातल्या गाला प्लासिदियाच्या समाधिमंदिरात हाच मेंढपाळ सोनेरी वस्त्र पांघरून बसलेला दिसतो, हातात काठीच्या जागी क्रूस. कलाकृती अप्रतिम आहे, पण त्या कपड्यांत कोणी उताण्या मेंढीजवळ चिखलात गुडघे टेकणार नाही. बिशपच्या हातातल्या दंडाचे, म्हणजे मेंढपाळाच्या काठीचे, तेच. ६३३ सालच्या स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेत दंड आणि अंगठी ही बिशपपदाची चिन्हे म्हणून नोंदलेली आहेत. पुढे दंडाला चांदी चढली, रत्ने चढली. पोप फ्रान्सिस यांनी २८ मार्च २०१३ च्या प्रवचनात धर्मगुरूंना मेंढरांचा वास अंगाला असलेले मेंढपाळ व्हा म्हटले, तेव्हा ते याच चांदीविषयी बोलत होते असे मला वाटते.

उताण्या मेंढीचे सांगायलाच हवे. गाभण किंवा दाट लोकरीची मेंढी खोलगट जागी लोळली की पाठीवर पडते आणि उलटता येत नाही. पोटात वायू साचतो, फुफ्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत ती मरते. उपाय अर्ध्या मिनिटाचा: खांदा आणि मांडीजवळ धरून कुशीवर वळवायचे, मग उभे करायचे. चूक होते ती यानंतर. लगेच सोडून दिली तर बधिर पायांमुळे झोकांडी जाऊन ती पुन्हा पडते. दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून काही मिनिटे उभे राहावे लागते, पाय पोटऱ्यांपासून चोळावे लागतात, ती आपण होऊन चालू लागेपर्यंत. व्यसनातून, कर्जातून, मोडलेल्या संसारातून उभ्या केलेल्या माणसाची साक्ष (आपण कसे बदललो याची कहाणी) पुढच्याच रविवारी सर्वांसमोर देववणारे पाळक ही काही मिनिटे वगळतात.

प्रतिमेचा गैरवापर कुठवर जातो याचे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल येथून पाच प्रचारकांनी ‘शेफर्डिंग’ नावाची चळवळ चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मेंढपाळ, त्याला वरचा मेंढपाळ, अशी उतरंड. लग्न, नोकरी, घर यांसारखे निर्णयही मेंढपाळाला विचारून घ्यायचे. १९७५ मध्येच तिच्यावर जोरदार वाद झाला, आणि १९९०च्या सुमारास पाचांपैकी एकाने जाहीर माफी मागितली. हेतू वाईट नव्हता. नव्या लोकांना आधार द्यायचा होता. चूक रचनेत होती: हिशेब फक्त खालून वर जात होता.

म्हणून रचनेविषयी थोडे रोखठोक. पौल करिंथ शहरातल्या मंडळीच्या दानाचा पैसा एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतो आणि कारणही सांगतो, की या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये. आज याचा अर्थ असा: दानपेटी उघडताना एका घरातले नसलेले किमान दोघे हजर, मोजणी तिथेच, नोटांचा तपशील कागदावर, दोघांच्या सह्या, पाळक मोजणीत नाही, खात्यावर दोन सह्या, वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी आणि ताळेबंद फलकावर. बहुतेक ठिकाणी गळती होते ती गरिबांना गुपचूप मदत करण्याच्या निधीतून, कारण ‘नावे सांगता येत नाहीत’ ही सबब खरीही असते. त्यावर उपाय साधा आहे: नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची वही दोन माणसांजवळ.

तक्रारींचेही तसेच. मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, हे तीमथ्याच्या पत्रातले वचन ढालीसारखे वापरतात आणि पुढचेच वचन गाळतात: पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे. मत्तय १८ मधली ‘आधी एकांतात जाऊन सांग’ ही पायरी बरोबरीच्या भावांसाठी आहे. अत्याचार झालेल्या मुलाला ती सांगणे म्हणजे कोकराला एकट्याने लांडग्याकडे पाठवणे. तिथे पोलीस आणि देशाचा कायदा आधी. कॅथलिक चर्चमध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या पोपच्या आदेशाने अशी माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंना व संन्यस्तांना बंधनकारक केले आहे, आणि सरकारी यंत्रणेला कळवण्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही. आरोप झालेल्या माणसाला गुपचूप दुसऱ्या ठिकाणी बदलणे म्हणजे तर मिश्नेतला तोच गुन्हा: कळप श्वापदाच्या जागी नेण्याऐवजी श्वापद दुसऱ्या कळपात नेऊन सोडले, एवढाच फरक.

शेवटी एक विनंती, प्रवचन करणाऱ्यांना. सारखे पळून जाणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो, मग बरा होईपर्यंत खांद्यावर वाहतो आणि त्यानंतर ते कधी त्याला सोडून जात नाही, ही गोष्ट अनेक व्यासपीठांवरून सांगितली जाते. मारझोड करणारा नवरा, अपमान करणारा पाळक आणि लेकराला ठोकणारा बाप यांना ती फार सोयीची पडते. बायबलमध्ये ती कुठेही नाही. लूक १५ मधले मेंढरू खांद्यावर येते ते सापडल्याच्या आनंदाने. व्यवहारातही ती टिकत नाही: मोडलेले हाड सांधायला आठवडे लागतात, तोवर कोकरू चरू शकत नाही, आईमागे जाऊ शकत नाही, जखम चिघळून मरू शकते, आणि मालकापुढे त्याची भरपाई मेंढपाळालाच द्यावी लागते. यहेज्केलात मोडलेल्याचा उल्लेख आहे, पण तो बांधण्याच्या कामात. ही गोष्ट सांगणे थांबवावे.

आपला,
एक वाचक